बाद न होणारा बबनभाऊ

कबड्डीवाल्यांना किस्सा सांगायला बसवू नये. एकाच्या मागं दुसरा उभाच असतो! मी अमरावतीतल्या आमच्या मंडळाचा मॅनेजर, म्हणजे पाण्याच्या बाटल्या आणि भांडणं सांभाळणारा. माझा अनुभव असा की दर नव्या नियमामागं एक किस्सा फुकट मिळतो.

पूर्वी साठ किलो गटाचं वजन आदल्या दिवशी व्हायचं. आमचा राजू तोवर उपाशी, आणि काट्यावरून उतरला की थेट आलूबोंड्याच्या गाडीवर! मग नियम आला, वजन सामन्याआधी मैदानावरच. बार्शीटाकळीला राजू थोडा जास्त भरला. पठ्ठ्या टक्कल करून आला. काटा जागचा हलला नाही!

सामना बघायला आलेली त्याची बायको म्हणाली, "डोक्शावरचं काहून काढलं? पोटावरचं काढा ना!"

*

कोचनं बाहेरून ओरडायचं नाही, असं ठरलं. आमचे गवई सर गप्प बसले, आणि मागच्या रांगेतून गवई मॅडम सुरू झाल्या, "संजू, डावा कोपरा सांभाळ!"

पंच तणतणत सरांकडे आले. सर म्हणाले, "माह्यं घरी आयकत नाही, इथं काय आयकनार? तुमीच सांगून पाहा!"

पंच परत गेले.

*

संजू आमचा कॅप्टन. नवा नियम असा की मैदानात तीन किंवा कमी गडी असताना रेडर धरला तर एकाऐवजी दोन गुण. एकदा आमचे चार उरले. संजू आपल्या मेहुण्याच्या कानाशी लागला, "गजू, लाइनीबाहेर पाय टाक. बाद हो."

"मीच काहून? ताईले सांगू का?"

पण बिचारा गेला. तिघांनी रेडर धरला, दोन गुण! नाचानाच! आता एक गडी धरला की आपला एक बाद गडी परत येतो. गजू हसत आत आला. आम्ही पुन्हा चार!

"गजू..." संजूनं हाक मारली.

सरांनी कपाळाला हात लावला, "अबे, एक देला, दोन घेतले. चौघांनी धरला असता तरी एकच होता!"

*

आणि बबनभाऊ. सकाळी भाजीचा गाडा, संध्याकाळी कबड्डी. हा माणूस बाद झालेला कोणी पाहिलाच नव्हता. आघाडी असली की तो समोर जायचा, लाइन शिवायचा, परत यायचा. वेळ सरायचा, सामना खिशात! तो कोथिंबीर आणायला निघाल्यासारखे प्रेक्षक ओरडायचे, "बबनभाऊ, येताना सांभाराची जुडी आणजो!"

मग तिसऱ्या रेडीचा नियम आला. दोन रेडी रिकाम्या गेल्या की तिसरीत गुण आणायचाच, नाहीतर रेडर बाद. तेव्हापासून दर तिसऱ्या रेडीला बबनभाऊच्या बुटाची लेस सुटू लागली आणि दुसराच कोणी जाऊ लागला. आम्ही बोलायचो नाही. त्याच्या त्या नावाचा आम्हालाही अभिमान होता.

*

शेंदूरजनाघाटची फायनल. सामना संपत आलेला, आमची दोन गुणांची आघाडी, समोर तीनच गडी, आणि आमची तिसरी रेड. संजूनं विक्की या नव्या पोराला खुणावलं. बबनभाऊ पुढं झाला.

"थो लढायले जाईन. तिघं धरतीन, दोन गुन जातीन, बरोबरी होईन. त्याले परत येनं जमत नाही. मले जमते."

"तुमी बाद व्हाल ना भाऊ!"

"व्हईन. एकच गुन जाईन."

तो गेला. लाइन शिवली. तिघं हात पसरून वाट बघत राहिले आणि हा रिकामा परत आला. शिट्टी वाजली. पंचांनी बबनभाऊला बाद दिलं.

समोरच्यांची शेवटची रेड आमच्या पोरांनी धरली, कप आला म्हणतात. मला ते दिसलंच नाही. त्या वेळी बबनभाऊ माझ्या खुर्चीशी वाकून हळूच विचारत होता,

"मॅनेजर, बाद झालेले कुठी बसतात?"