चाळीस ठोके स्वतःचे

मंगळवारी सकाळी अकरा वाजता आत्याच्या पेसमेकरची तपासणी झाली. आत्या ब्याऐंशी वर्षांची आहे, छातीतलं यंत्र आठ वर्षांचं. बॅटरी संपत आली असेल तर पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागणार होती. या वयात ती झेपेल का, हे घरात कुणी मोठ्याने विचारत नव्हतं.

तपासणाऱ्या मुलीने तिच्या खांद्याखाली एक चपटी चकती ठेवली. पडद्यावर रेघा उमटू लागल्या.

"आजी, शंभरातले साठ ठोके मशीनने दिलेत. चाळीस तुमचे स्वतःचे."

"अगं बाई! मला वाटलं, मी सगळी त्याच्यावरच चालते."

हृदयाचा ठोका वेळेवर पडला की यंत्र गप्प बसतं, उशीर झाला तरच ते पुढे होतं, असं मुलीने समजावलं. म्हणजे आठ वर्षं ते प्रत्येक ठोक्याची क्षणभर वाट पाहत आलं आहे. घरात आम्हाला एवढं थांबणं जमलेलं नाही. आत्या खुर्चीतून उठू लागली की तिचा तोल जाण्याआधीच दोघे-तिघे हात पुढे करतात.

"बॅटरी अजून चार वर्षं सहज चालेल," मुलगी म्हणाली.

वडिलांनी डोळ्यांवरचा चष्मा काढून पुसला. "म्हणजे ताई, अजून चार वर्षं तुझी बोलणी खायची."

"पाच धर. मधेमधे माझं मी चालवते ना!"

डॉक्टरांनी कार्डावर लिहिलं: तूर्त शस्त्रक्रियेची गरज नाही, पुढची तपासणी सहा महिन्यांनी.