तिसरं बाक

हेस्टर पास्कच्या एप्रनच्या खिशात वीतभर लांब लोखंडी किल्ली असते. चर्चची. गेली बत्तीस वर्षं. नवरा गेला, गुडघे गेले, पण किल्ली काही तिनं कुणाच्या हाती जाऊ दिली नाही. इंग्लंडच्या सफक परगण्यातल्या त्या खेड्यात बिशप कोण हे निम्म्यांना सांगता येणार नाही. हेस्टर कोण हे मांजरांनाही ठाऊक.

लोकरीच्या पैशावर गाव माजलं होतं तेव्हाचं ते चर्च, सहाशे वर्षांपूर्वीचं. आता रविवारी नऊ माणसं येतात, त्यातलं एक झोपतं. यंदा बिशपच्या कचेरीतून पत्र आलं: वापर वाढवा, नाहीतर ईस्टरनंतर दाराला कायमचं कुलूप. हेस्टरनं पत्र दोनदा वाचलं आणि उपाय ठरवून टाकला. गावातलं पोस्ट बंद पडून वर्ष झालं होतं, ते चर्चमध्ये आणायचं. मागची चार बाकं काढली की जागाच जागा.

सभा चर्चमध्येच भरली. चहा झाला, केक संपला आणि अँब्रोझ थर्लो उठला. वय ऐंशी, आवाज बैलाचा. तो नाही म्हणाला की बाकीचे हात आपोआप मांडीवर जातात.

"देवाच्या घरात तिकिटं विकणार? माझ्या पणजोबानं दिलेली बाकं उपटून?"

"हे चर्च बांधलं तेव्हा इथं बाकंच नव्हती, अँब्रोझ," हेस्टर म्हणाली. "माणसं उभी राहायची. म्हातारीकोतारी त्या भिंतीलगतच्या दगडी कट्ट्यावर टेकायची. छत गळलं की गाव इथंच बिअर विकायचं आणि त्या पैशात छत दुरुस्त करायचं. ही वास्तू रिकामी ठेवायला बांधलीच नव्हती कुणी!"

"इतिहास नको शिकवूस मला." अँब्रोझचा आवाज एकदम खाली आला. "मागून तिसऱ्या बाकावर बेचाळीस वर्षं माझी बायको बसली, डोरीन. माझ्या डाव्या हाताला. ते बाक मी सरपणात जाऊ देणार नाही."

एकही हात वर झाला नाही. सभा पुढल्या आठवड्यावर गेली. हेस्टर कपबशा विसळायला लागली. सहाशे वर्षांचा हिशेब आपण तोंडपाठ सांगितला, आणि डोरीनला जाऊन दोनच वर्षं झालीत हे विसरलो, याची तिला मनापासून लाज वाटली.

पण हार मानणं तिच्या रक्तात नव्हतं. सकाळी ती मोजपट्टी घेऊन तिसऱ्या बाकापाशी गेली. पितळी पाटीवर 'थर्लो'. पुढच्या फळीचा डावा कोपरा गुळगुळीत झिजलेला; प्रवचन लांबलं की डोरीन तिथं अंगठा घासत बसायची, हे साऱ्या गावानं पाहिलेलं. हेस्टरनं लांबी मोजली, दोनदा, आणि तडक अँब्रोझच्या अंगणात जाऊन उभी राहिली.

"पोस्टाला काउंटर लागेल. नवं लाकूड कशाला आणू? तुझ्याच बाकाचा करते. त्याच जागी, पाटीसकट. डोरीनचा कोपरा गिऱ्हाइकाच्या बाजूला."

अँब्रोझनं कोंबड्यांना मूठभर दाणे टाकले.

"पाटी कोण पुसणार?"

"तू. मला काय दुसरी कामं नाहीत?"

पुढच्या सभेत पहिला हात त्याचाच वर झाला.

ईस्टरनंतरच्या मंगळवारी पोस्ट उघडलं. पहिलं गिऱ्हाईक अँब्रोझ. त्यानं पाटी पुसली, डावा हात झिजल्या कोपऱ्यावर ठेवला आणि एक तिकीट मागितलं. बुधवारी एक. गुरुवारीही एकच.

"अरे, एकदम डझनभर घेऊन ठेव की," काउंटरमागून हेस्टर म्हणाली. "खेपा वाचतील."

अँब्रोझनं अंगठा कोपऱ्यावरून फिरवला. "मग उद्या काय निमित्त काढून येऊ?"

हेस्टरनं एक तिकीट फाडून त्याच्यापुढे ठेवलं.