नाकपंडिताचा होकार

कापड रंगविण्याच्या त्या कारखान्यात त्यांना सारे नाकपंडित म्हणत. ही उपाधी थट्टेतून जन्मली होती. पुढे तिच्यातली थट्टा झिजली आणि आदर तेवढा उरला.

रंगाच्या हौदांतून निघणाऱ्या खारट सांडपाण्याचे पुन्हा स्वच्छ पाणी करणे हे त्यांचे काम. ते पाणी तापवून एका पातळ, जलद्वेष्ट्या पडद्याच्या कडेने वाहवीत. पडद्याची छिद्रे इतकी सूक्ष्म, की पाण्याचा थेंब त्यांतून जात नसे. जाई ती केवळ वाफ. पलीकडच्या गारव्यात तिचे पाणी होई आणि मीठ अलीकडेच राही. चुकून मीठ गेलेच, तर ते सांगायला क्षारमापक होता. पण मिठाला उडता येत नाही म्हणून ते अडते. यंत्रांवरची रंगाची पुटे काढायचे उग्र रसायन मात्र उडायला पाण्याहूनही चपळ. कोणी ते नजरचुकीने गटारात ओतले, तर वाफेचा हात धरून तेही पडदा ओलांडते, आणि क्षारमापकाला त्याचा पत्ताही लागत नाही. म्हणून नियम असा, की धुलाईच्या दालनाकडे पाणी सोडण्यापूर्वी पेलाभर पाणी कोमट करून हुंगावे. पूर्वी एकदा त्या बंद, वाफाळलेल्या दालनात एक बाई भोवळ येऊन कढत हौदाच्या काठावर कोसळली होती. हा नियम तेव्हाचा. त्याच दालनात आता नाकपंडितांची धाकटी लेक काम करीत होती.

आणि नाकपंडितांचे घ्राणेंद्रिय हिवाळ्यातल्या एका सर्दीने हिरावून नेले होते.

सर्दी गेली, वास परतला नाही. घरात कोणी नसताना त्यांनी रॉकेलची बाटली, फिनेलचा डबा, लेकीच्या केसांचे तेल, सारे नाकाशी धरून पाहिले होते. एका सकाळी त्यांच्या डोळ्यांदेखत शेगडीवरचे दूध करपले. ते पाठमोरे बसले असते तर निदान सबब तरी होती. पत्नी अंगणातून धावत आली आणि नाक गहाण टाकलेत की काय, असे विचारून हसू लागली. तेही हसले.

सांगावे असे कितीदा ओठांवर येई. पण नाक गेलेल्या नाकपंडिताचे मागे काय उरते, या प्रश्नापाशी सांगणे राहून जाई. मग रोज पेला उचलायचा, डोळे मिटायचे, सवयीने मान डोलवायची. आणि झडप उघडायची. संध्याकाळी लेक धडधाकट चालत येताना दिसली, की त्या दिवसापुरता जीव भांड्यात पडे.

त्या दिवशी पाणी स्फटिकासारखे दिसत होते आणि क्षारमापकाचा काटा तळाशी निवांत होता. धुलाईच्या सुपरवायझरने फोनवरून, "पंडित, मुहूर्त बघताय का?" असे खवचटपणे विचारले. मान डोलली. झडप उघडली.

दुपारी ते धुलाईच्या दालनाच्या काचेशी जाऊन उभे राहिले. आत लेक कपाळ चोळीत होती. उकाड्याने कोणाचेही कपाळ दुखते, अशी त्यांनी मनाची समजूत घातली. तेवढ्यात तिने हौदाचा काठ धरायला हात पुढे केला, आणि ती मूठ काठाच्या वीतभर अलीकडेच मिटली.

ते धावत परतले आणि त्यांनी झडप बंद केली. पेला भरून घेऊन ते पुन्हा दालनाच्या दाराशी आले, तेव्हा पाणी का तोडले म्हणून सुपरवायझर तणतणत बाहेर आलाच होता.

"मला वास येत नाही," ते म्हणाले.

"सर्दी झालीय?"

"सर्दी केव्हाच गेली. मला कसलाच वास येत नाही."

सुपरवायझरने पेला ओढून घेऊन हुंगला आणि उगाच घाबरवू नका म्हणून दटावले. लेकही दारात आली होती. तिने हुंगून पाहिले.

"बाबा, पाण्याला कसलाच वास नाही."

क्षणभर त्यांचे डोळे भरून आले. मग तिच्या बोलण्यातला जडपणा कानांवर आला, आणि पाठोपाठ आठवले, की नाक ज्या वासात बुडून राहते त्याला ते विसरते. ही दोघेही सकाळपासून त्याच वाफेत उभी होती.

त्यांनी फाटकावरच्या पहारेकऱ्याला हाक मारली. तो मोकळ्या हवेतून आलेला. पेला हातभर दूर असतानाच त्याने तोंड फिरवले. "हे काय आणलंत? डोळ्यांत झोंबतंय."

सुपरवायझर आत पळाला.

बायका बाहेर आल्या. एक भिंतीशी वाकून ओकत होती. दोघी कारण नसताना हसत होत्या, आणि ते हसू नाकपंडितांना ओकारीहूनही भयंकर वाटले. कारखान्याच्या डॉक्टराने एकेकीची नाडी पाहिली. वेळेवर बाहेर आल्या, पण रात्रभर नजर ठेवा, असे तो म्हणाला.

लेक पायरीवर बसली होती. ते एक पायरी खाली बसून तिचा श्वास ऐकत होते.

"कधीपासून येत नाही वास?"

"ती सर्दी झाली होती ना, तेव्हापासून."

"म्हणजे रोज नुसतीच मान डोलवत होतात?"

आता मान हलवून भागण्यासारखे नव्हते. त्यांनी "हो" म्हटले, आणि ते इतके स्पष्ट उमटले, की भिंतीशी बसलेल्या बायका एकेक करून त्यांच्याकडे वळून पाहू लागल्या.