शालूबाईंचं व्हय

बेळगावातल्या वडगावच्या त्या विणकर गल्लीत मंजुश्री नेमकं काय काम करते, याबद्दल एकमत नव्हतं. तिचे आप्पा, बसवंत, चार मागांचे मालक. ते विचारणाऱ्याला सरळ सांगत, "पोरगी इंटरनेटचा कायदा बघती." ऐकणारा मग आपल्या अडचणीप्रमाणे त्याचा अर्थ लावायचा. मष्णूकाकांच्या मते ती सायबर पोलिसात होती, फक्त खाकी ड्रेस घालत नव्हती. समोरच्या नागोजीअण्णांनी तर एकदा तिला रस्त्यात थांबवून, रोज सकाळी सहाला फुलांचे फोटो पाठवणाऱ्या साडूवर कुठलं कलम लागतं ते विचारलं. कुठलंच लागत नाही म्हटल्यावर ते म्हणाले, "मग पाच वर्सं शिकलीस काय गं?"

मंजुश्रीला हा प्रश्न अधूनमधून स्वतःलाही पडायचा. वकिलीची परीक्षा झाल्यावर दोन वर्षं ती टिळकवाडीत एका वकीलसाहेबांकडे फायली उचलत होती. मग बेंगळुरूच्या एका संशोधन संस्थेनं तिला सहा महिन्यांसाठी घेतलं. काम घरूनच. ॲप लोकांकडून काय काय मागून घेतात, लोक ते का देतात आणि कायद्यानं याबाबत काय करावं, याचा अभ्यास. तिचं टेबल माडीवर होतं आणि खाली माग चालायचे. मीटिंगमध्ये एकदा तिचा माईक चुकून चालू राहिला, तेव्हा तिच्या वरिष्ठ चैत्रा मॅडमनी विचारलं, की तुमचं घर रेल्वे स्टेशनजवळ आहे का. "नाही मॅडम," ती म्हणाली, "साडी होतेय."

आता पाचवा महिना सरत आला होता. महिनाअखेर तिचा अहवाल जायचा होता. तो जमला तर दोन वर्षांची नेमणूक, नाही जमला तर पुन्हा टिळकवाडी. वकीलसाहेबांनी तिची खुर्ची अजून ठेवली होती. सध्या तिच्यावर फायली बसल्या होत्या.

अहवालाचा विषय तिनंच निवडला होता. गेल्या वर्षापासून गल्लीत साड्यांच्या ऑर्डरी एका ॲपवरून यायला लागल्या होत्या. ते ॲप उघडताना फोनमधले नंबर, फोटो, ठिकाण, सगळ्याची परवानगी मागायचं आणि सगळे जण 'मान्य' दाबायचे. दाबताना त्यांना नेमकं काय मान्य असतं, हे वीस विणकरांना विचारायचं होतं. त्यातही संस्थेचा एक नियम कडक होता: बोलणं सुरू करण्याआधी माणसाला दीड पान माहिती वाचून दाखवायची, त्याची संमती घ्यायची आणि तीही रेकॉर्ड करायची.

'संमती' या शब्दानं पहिल्याच दिवशी घोटाळा केला. "तुमची संमती हवी आहे," असं तिनं म्हटलं की बायका मागासाठी सुताच्या कांड्या भरायचं थांबवून विचारायच्या, "कुणाच्या स्थळाला गं?" तिच्या आईकडे तर दोघी जणी मुलगा कुठला म्हणून चौकशीला आल्या. शेवटी मंजुश्रीनं तो शब्द काढून टाकला आणि सोपं करून लिहिलं: "तुमची काही हरकत आहे का?" या बदलावर ती मनातून खूश होती.

वीस मुलाखती झाल्या. त्यातल्या एकोणीस बऱ्या होत्या, विसावी सोन्यासारखी. ती शालूबाईंची.

शालूबाई दोन घरं सोडून राहायच्या. साठीच्या, फटकळ, हात सतत चरख्यावर. सून नीलमच्या बाळाच्या बारशात पाळण्याला साडी कुणाची बांधायची, त्यांच्या मागावरची की विहिणीनं आणलेली, यावरून त्यांचं आणि खानापूरच्या विहिणीचं, जयाबाईंचं, बोलणं तुटलं होतं. तीन वर्षं. मग शालूबाईंनी ॲप घेतलं आणि 'मान्य' दाबलं. ॲपनं त्यांच्या फोनमधल्या एकूण एक नंबरला निरोप धाडला: 'शालूबाई तुम्हाला बोलावत आहेत.' गॅसवाल्याला गेला, डॉक्टरला गेला आणि जयाबाईंनाही गेला. दुसऱ्या दिवशी जयाबाई पिशवी घेऊन दारात हजर. नऊ दिवस राहिल्या.

"मी बोलावलंच न्हवतं," शालूबाई मुलाखतीत म्हणाल्या होत्या. "पण आलेल्या माणसाला कसं सांगायचं, की तुला मशीननं बोलावलंय म्हणून?"

मंजुश्रीनं अहवालाचं पहिलं प्रकरण या गोष्टीनं सुरू केलं. चैत्रा मॅडमना कच्चा मजकूर इतका आवडला, की त्यांनी समासात हसरा चेहरा काढला. पाच महिन्यांतला तो पहिलाच होता.

आणि मग आदर्शचा फोन आला. आदर्श निपाणीचा. बेंगळुरूच्या ऑफिसात बसून तिच्या मुलाखती ऐकून उतरवून काढायचं काम त्याच्याकडे होतं.

"मंजू, त्या शालूबाईंची हरकत हाय की गं," तो म्हणाला.

"कसली हरकत?"

"तू विचारलीस, तुमची काही हरकत आहे का. त्या म्हणाल्या, व्हय."

"तसं न्हाय रे. व्हय म्हणजे चालंल."

"हरकतीला व्हय म्हणजे हरकत हाय. मी काय माझ्या मनचं लिहू? हितं सतरा लोक व्हय म्हणाल्यात. उरल्यात तीन. एक खोकलाय. दोघं चहा घे म्हणाल्यात."

मंजुश्रीनं हेडफोन लावले आणि शालूबाईंचं रेकॉर्डिंग ऐकलं. तिचाच आवाज शाळेतल्या प्रार्थनेसारखा एका सुरात वाचत होता: तुम्ही सांगितलेली माहिती अहवालात येईल. "व्हय." तुम्ही कधीही माघार घेऊ शकता. "व्हय." माहिती पाच वर्षं जपून… "व्हय." वाक्य संपायच्या आतच व्हय. दीड पानात तिनं चौदा मोजले. लहानपणापासून ती हेच व्हय ऐकत आली होती. कथेकऱ्याला म्हणतात, कंडक्टरला म्हणतात, फोनवर पलीकडच्याला कळावं म्हणून म्हणतात. त्याचा अर्थ एवढाच, की तू बोलत राहा, मी इथं आहे.

"आदर्श," ती हळूच म्हणाली, "ह्यांनी कशालाच हो म्हटलेलं न्हाय."

"ते कळलंय मला. आमच्या आईचं बी तसंच असतंय. मी काय म्हणतो, 'सहभागीने मान डोलावली' असं लिहितो. बेंगळुरात कुणाला कळतंय व्हय?"

खरंच कुणाला कळलं नसतं. पण अहवालात तिनं त्या ॲपला पाच पानं झापलं होतं, की ते लोकांनी न समजता दाबलेल्या बटणाला होकार मानतं. तिचं बटण तेवढं तोंडी होतं.

"नको लिहू," ती म्हणाली. "परत विचारून येते."

"आठ दिवस ऱ्हायल्यात."

"म्हणूनच फोन ठेव."

दुसऱ्या दिवसापासून ती पुन्हा दारोदार फिरली. या वेळी कागद नव्हता. समोर बसून ती विचारायची: तुम्ही जे बोललात ते मी पुस्तकासारखं छापणार, नाव बदलणार, पण गल्लीतल्या माणसाला ओळखू येईल. छापू की नको? लोक पहिल्यांदाच विचारात पडले. नागोजीअण्णा म्हणाले, "असं व्हय? मग नको गं. मी व्यापाऱ्याला शिव्या दिल्यात त्यात." मष्णूकाकांची उलट अट होती. नाव बदलायचं नाही आणि जमलं तर फोटोही टाकायचा. एका बाईनं नवऱ्याला विचारून सांगते म्हटलं, आणि नवरा म्हणाला, तिलाच विचार. चार दिवसांत नऊ जण हो म्हणाले, दहा जण नको म्हणाले. उरल्या शालूबाई. त्यांना तिनं मुद्दाम शेवटी ठेवलं होतं.

शालूबाई कांड्या भरत होत्या. मंजुश्रीनं समजावून सांगितलं. या वेळी एकदाही व्हय आलं नाही. चरखा थांबला.

"खानापूरपर्यंत जाईल काय ते?" त्यांनी विचारलं.

"जाईल की, मावशी. इंटरनेटवर असणार."

"मग न्हाय. जयाबाईला कळलं, की तिला मी बोलावलं न्हवतं, तर ती परत या दारात यायची न्हाय. नातवाला तिचा लळा लागलाय. आणि…" शालूबाईंनी तुटलेला धागा बोटावर गुंडाळला. "मला बी सवय लागलीय तिची."

"नाव, गाव, सगळं बदललं तरी?"

"पाळण्याचं भांडण बदलशील?"

ते बदललं असतं तर गोष्टच उरली नसती. मंजुश्रीनं फोन काढला आणि त्यांच्यासमोर रेकॉर्डिंग पुसलं. शालूबाईंनी चष्मा लावून ते खरंच गेलं का ते पाहिलं, आणि बेंगळुरूला गेलेलं पण पूस म्हणाल्या. तिनं तिथूनच आदर्शला फोन लावला. तो म्हणाला, "पहिलं प्रकरण गेलं की गं." ती म्हणाली, "पूस."

त्या रात्री नव्हे, दुसऱ्या दिवशी भर दुपारी तिनं नवं पहिलं प्रकरण लिहायला घेतलं. त्यात विहीण नव्हती. एका शब्दाबद्दल होतं, तो ऐकताना कसा म्हणतात आणि कबूल करताना कसा, आणि आपण वीस जणांना विचारलं असं समजून एकालाही विचारलं नव्हतं हे. चैत्रा मॅडमनी या वेळी हसरा चेहरा काढला नाही. नऊ माणसांवर दोन वर्षं देता येत नाहीत, सहा महिने देते, असं त्यांनी कळवलं. त्या सहा महिन्यांत सीमाभागासाठी संमतीची नवी पद्धत बसवायची, बेळगावापासून निपाणीपर्यंत. वकीलसाहेबांनी खुर्चीवरच्या फायलींवर आणखी फायली ठेवल्या.

हे सांगायला ती शालूबाईंकडे गेली, तर जयाबाई आलेल्या. ओट्यावर बसून शेंगा सोलत होत्या.

"तूच न्हवं इंटरनेटवाली?" त्या म्हणाल्या. "बघ, आमच्या विहीणबाई." त्यांनी फोन पुढं केला. त्याच ॲपचा निरोप होता: 'शालूबाई तुमची वाट पाहत आहेत.' त्याच्यावर मागच्या महिन्याचा तसाच, त्याच्यावर त्याच्या मागचा. "दर महिन्याला आठवण काढती. तोंडावर कधी गोड बोलायची न्हाय, पण पाठवायला चुकत न्हाय."

चहाच्या निमित्तानं मंजुश्री आत गेली. शालूबाई पातेलं ठेवून उभ्या होत्या, तोंडावर पदर.

"मावशी," ती कुजबुजली, "हे निरोप बंद करता येतात. तुमच्या फोनमध्ये एक बटण आहे. तुमचे नंबर त्यांनी घेतलेत, ते परत मागायचा तुम्हाला हक्क आहे. बंद केलं तर महिन्याचा निरोप जाणार नाही. चालू ठेवलं तर तुमच्या नावानं असाच जात राहील, गॅसवाल्यालासुद्धा. कळलं का?"

"कळलं की. दोनदा काय सांगतीस."

"मग काय करू?"

शालूबाईंनी साखरेचा डबा उघडला आणि बाहेरचा कानोसा घेतला. जयाबाई नातवाला शेंगा मोजून देत होत्या.

"गॅसवाल्याचा बंद कर," त्या म्हणाल्या. "तिचा ऱ्हाऊ दे."