दारातला खड्यानाग

स्वातंत्र्याला सात-आठ वर्षं झाली असतील. चांद्याहून माझी बदली चामोर्शीच्या पलीकडे, धानाच्या बांध्यांनी वेढलेल्या एका गावी झाली. शाळेत मास्तर मी एकटाच. राहायला गावाच्या टोकाला कुडाची खोली, पुढे ओटा आणि थोडं अंगण. शाळा सुटली की उरायचो मी आणि माझा स्टोव्ह. खोटं कशाला बोलू, भिंतीशी बोलायची पाळी आली होती.

त्याच पावसाळ्यात नाल्यापलीकडच्या जंगलात मला खड्यानाग दिसला. झुडपावर चढलेला वेल, वर वळलेल्या पाकळ्या, खाली पिवळ्या, टोकाला लाल. पाहतच राहिलो. उकरला तर कंद नांगराच्या फाळासारखा वाकडा निघाला. त्याला फुटलेला बोटभर पिल्लू-कंद घरी आणला आणि नाल्याची रेती, शेणखत घालून फाटकाजवळ लावला.

शेजारी एक म्हातारी राहायची, गावची सुईण. मी गावात आल्यापासून संध्याकाळी घटकाभर ओट्यावर येऊन बसणारं ते एकच माणूस. कोंब वर आला तेव्हा तिनं विचारलं, "हे काऊन लावलं घरी, मास्तर? हे जंगलातच बरं हाये जी."

माझं डोकं तेव्हा तापटच. म्हटलं, "माझ्या अंगणात काय लावायचं ते मला कळतं, बाई. तुम्ही आपलं बघा."

ती उठली आणि गेली. पुन्हा आली नाही. हळूहळू कुणीच येईना. पोरांचे बापही काम असलं तर फाटकाबाहेरून हाक मारायचे. मला वाटलं, गाव म्हातारीच्या बाजूनं रुसलंय. रुसू दे, म्हटलं, मास्तराला काय अडलंय! अडलं होतं, पण सांगतो कोणाला?

मग सगळा जीव त्या वेलावर. दिवाळीनंतर पानं पिवळी पडून वेल मेल्यासारखा झाला. पाणी बंद केलं, नाहीतर कंद सडतो. उन्हाळाभर त्या उघड्या जागेभोवती दगड मांडून ठेवले, कुणी तुडवू नये म्हणून. तुडवायला येत होतं कोण, देव जाणे. पावसाळ्यात कोंब पुन्हा आला, पण फूल धरलं नाही. पिल्लू-कंद, त्याला वेळ लागतो. तोवर मी रोज सकाळी त्याला शाळेतल्या गमती सांगायचो. हसा खुशाल.

तिसऱ्या पावसाळ्यात चार कळ्या धरल्या. एक उद्या उघडणार, इतकी भरली होती. त्याच दुपारी म्हातारी फाटकाशी आली. बाहेरच उभी राहिली. दोन वर्षांत पहिल्यांदा माझ्याशी बोलत होती.

"मास्तर, तुमच्या झाडाची मुळी देता का जी? पोरीले कालपासून कळा येऊन राह्यल्या, मोकळी होत नाई. तळपायाले लेप लावतो. जंगलात गेली असती, पण नाल्याले पूर हाये."

मी कळीकडे पाहिलं. थोडीच मुळी काढू का, हेच आधी मनात आलं. लाज वाटते सांगायला. मग खुरपं घेतलं आणि सगळाच कंद उपटून तिच्या पदरात टाकला.

संध्याकाळी पलीकडून बाळाचं रडणं ऐकू आलं. लेपानं झालं की वेळच भरली होती, मला माहीत नाही. थोड्या वेळानं म्हातारी फाटक ढकलून सरळ आत आली आणि ओट्यावर बसली.

"पोरगी झाली, मास्तर. आता येत जाईन."

"दोन वर्षं का नाही आलात?"

"कशी येऊ? ज्याच्या दारी खड्यानाग, त्याच्या घरी भांडण. तिथं जो जाते तो वैरी होऊनच निघते, असं मानतो आमी. मले तुमच्यासंग वैर नव्हतं पायजे जी."

मी आत जाऊन स्टोव्हवर चहा ठेवला.

त्यानंतर माणसं यायला लागली. पुढच्या पावसाळ्यात ती नात माझ्या अंगणात रांगत होती, हाताला लागेल ते तोंडात घालत होती. आणि एका सकाळी त्याच खड्ड्यातून कोंब वर आलेला दिसला. कंदाचा तुकडा मागे राहिला असणार. खड्यानाग विषारी, म्हणून मी तो मुळासकट काढला, नाल्यात फेकला आणि वाहत जाताना पाहत उभा राहिलो. उपटण्याआधी त्याला निदान सांगायला तरी हवं होतं, असं वाटलं.

म्हातारी नातीला घ्यायला आली. माझ्या तोंडाकडे पाहून म्हणाली, "जेवले का, मास्तर?"

"जेवलो," म्हटलं. स्टोव्ह पेटवलाच नव्हता.