मामांची गाडी ट्रेलरवर आणली तो दिवस

मामांनी मला गाडी दिली तेव्हा ती सोयगावला त्यांच्या गोठ्यात अकरा वर्षं उभी होती. काळी, गोल पाठीची विलायती गाडी. पोलीस अ‍ॅक्शननंतर दोन-तीन वर्षांनी एक जहागीरदार सगळं विकून हैदराबादला कायमचा निघाला, त्याच्याकडून मामांनी ती घेतली होती. आमच्या अख्ख्या नात्यागोत्यात तेवढी एकच मोटार. माझ्या आईला पहिल्या बाळंतपणाला त्यांनी त्याच गाडीतून माहेरी नेलं. मला गाडी चालवायला शिकवली तीही त्यांनीच, उन्हाळ्यात कोरड्या पडलेल्या नदीच्या पात्रात. क्लच सोडताना मी गडबड केली की ते रागवायचे नाहीत, नुसता माझ्या गुडघ्यावर हात ठेवायचे.

पुढं त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू झाला, गाडीचे ब्रेक गेले, उंदरांनी आतल्या वायरी खाल्ल्या. त्यांच्या मुलाला गोठ्यातली जागा हवी होती. एका दिवाळीत मामा मला म्हणाले, "तूच घेऊन जा. इथं राहिली तर भंगारात जाईल. तुझ्याकडं निदान नीट तरी होईल."

मी तेव्हा औरंगाबादला एका कारखान्यात मशिनांच्या देखभालीचं काम करत होतो. हाताला सवय होती, आवड होती, आणि नुकतंच छावणीजवळ पुढं थोडं अंगण असलेलं घर घेतलं होतं. गाडी आणायची तर कशी, एवढाच प्रश्न होता. दोर बांधून ओढत आणावी असं मला आधी वाटलं. ओळखीच्या मिस्त्रीनं कपाळाला हात लावला. "साहेब, ब्रेक नाही म्हणता आणि फर्दापूरचा घाट चढायचा म्हणता? मधी दोर तुटला तर गाडी मागं कुठं जाईल, सांगा तुम्हीच." त्यानंच छावणीतल्या एका माणसाचा पत्ता दिला. त्या माणसाकडं जनरेटर आणि मशिनं वाहायचा बुटका ट्रेलर होता, तो जीपच्या मागं जोडून भाड्यानं द्यायचा. मी जाऊन ट्रेलर पाहिला, चाकं दाबून पाहिली, साखळ्या ओढून पाहिल्या. किती पट्टे मिळतील, फळ्या किती लांब, सगळं विचारलं. माणूस हसला. "लडकी बिदा करके लारे क्या साब?"

आदल्या दिवशी दुपारी आम्ही सोयगावला पोचलो. मी, जीपचा ड्रायव्हर आणि मिस्त्री. संध्याकाळपर्यंत गाडीच्या आतल्या सीटा काढल्या, पुढचे दोन्ही दिवे सोडवले, काचेचं काही फुटू नये म्हणून एकेक वस्तू गुंडाळली. मामींनी स्वतःहून दोन गोधड्या दिल्या. सकाळी गावातली चार माणसं बोलावून गाडी फळ्यांवरून ट्रेलरवर चढवली. चाकांच्या पुढंमागं ठोकळे मारले, सहा पट्टे आवळले. मामा बाजूला खाटेवर बसून आवाजावरून अंदाज घेत होते. मधेच म्हणाले, "डाव्या अंगाला कलली का?" खरंच कलली होती.

सगळं झाल्यावर ते उठले आणि म्हणाले, "मी बी येतो रं तुझ्यासंगं. डोळ्याचं पुढल्या आठवड्यात करायचंच हाय. तू चाललाच हायेस तर जाऊ बरोबर."

मी जीपकडं पाहिलं. पुढं आम्ही तिघं. मागच्या बाजूला सीटा, दिवे, दोन जुनी चाकं, गोधड्यांत गुंडाळलेल्या काचा. मागं एक माणूस बसला असता. सीटा उचलून ट्रेलरवर, गाडीच्या आतच टाकल्या असत्या तर आरामात बसला असता. पण आत सुट्या सीटा हादरल्या असत्या, दारांना आतून चरे पडले असते. हे सगळं मी मनात तोललं, आणि तोलायला मला जराही वेळ लागला नाही.

"मामा, जीपमध्ये तुम्हाला त्रास होईल. सहा-सात तास लागतील. तुम्ही आठच्या बसनं पुढं या ना."

"मी गाडीतच बसतो की. वर. आपल्या गाडीत."

ड्रायव्हर म्हणाला, ट्रेलरवर माणूस बसवता येत नाही, पोलीस धरतात. ते बरोबरच होतं. मामांनी लगेच मान हलवली. "मग येष्टी बरी."

मीच त्यांना स्टँडवर सोडलं. माझं नवं घर त्यांनी पाहिलं नव्हतं, आणि रिक्षावाल्याला पत्ता सांगून उतरायचं तर दिसायला हवं. माझी बायको शाळेत शिकवायची, ती पाचपर्यंत घरी नसायची. मामा येणार हे तिला माहीतही नव्हतं, कारण ते ठरलंच सकाळी. म्हणून मी त्यांना सांगितलं, "औरंगाबादला उतरलात की तिथंच बाकावर बसा. जागचे हलू नका. गाडी घरी उतरवली की मी लगेच येतो घ्यायला."

"नाय हलत," मामा म्हणाले.

तो प्रवास मला अजून खडान्‌खडा आठवतो. फर्दापूरच्या पुढं घाटात जीप पहिल्या गियरवर कण्हत होती आणि मी अर्धं अंग बाहेर काढून मागं बघत होतो. प्रत्येक वळणावर गाडी जराशी झुलायची. वर पोचल्यावर आम्ही थांबलो, सगळे पट्टे परत आवळले. सिल्लोडला चहाला थांबलो. टपरीच्या शेजारीच एसटीडीचा पिवळा बूथ होता. बायकोच्या शाळेत फोन करावा, मामा येतायत, तुला जमलं तर अर्ध्या सुट्टीत स्टँडवर जा, असं सांगावं, असं मनात आलं. खरंच आलं होतं. पण मिस्त्रीनं हाक मारली, मागच्या उजव्या चाकाचा ठोकळा सरकला होता. मी तिकडं धावलो. ठोकळा बसवून झाल्यावर आम्ही निघालो.

शहरात शिरलो तेव्हा तीन वाजले होते. लोक वळून बघत होते. भडकल गेटपाशी एक म्हातारे गृहस्थ सायकल थांबवून म्हणाले, "माशाल्ला, क्या चीज है." मी त्यांना सलाम केला. मिल कॉर्नरला आलो. तिथून बसस्थानक हाकेच्या अंतरावर. जीप तिथं रहदारीत चांगली पाच-सात मिनिटं अडकली होती आणि माझा सगळा जीव मागून येणाऱ्या एका टेम्पोत होता, तो ट्रेलरला घासेल की काय म्हणून.

घरी गाडी उतरवायला गल्ली जमली. उतरताना चाक फळीवरून घसरेल असं एकदा वाटलं, सगळे ओरडले, पण उतरली. एक ओरखडा नाही. शेजारच्या काकूंनी ओवाळलं. कुणी हार आणला, मी नारळ फोडला, पेढे आणवले. जो तो विचारायचा आणि मी बॉनेट उघडून दाखवायचो. मिस्त्री आणि ड्रायव्हर ट्रेलर घेऊन गेले. मी गोधड्या सोडून दिवे बाहेर काढले, एकेक पुसून ओट्यावर मांडला. इतका आनंद मला लग्नातही झाला नसेल.

साडेपाचच्या सुमाराला बायको आली. पिशवी खांद्याला तशीच ठेवून तिनं गाडीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाली, "मामांनी दिली कशी हो ही? केवढा जीव होता त्यांचा हिच्यावर."

माझ्या हातात दिवा होता. तो मी कसा खाली ठेवला, आठवत नाही.

माझ्या स्कूटरची किल्ली सापडेना. मी पळत नाक्यावर गेलो, रिक्षा केली. बस बाराच्या आत आली असणार. रिक्षात मी तास मोजले आणि परत परत मोजले, जणू चुकून कमी भरतील.

मामा सोयगावच्या गाड्या लागतात त्या फलाटासमोरच्या बाकावर होते. बाकाच्या टोकाला, कापडी पिशवी मांडीवर दोन्ही हातांनी धरून, तोंड फाटकाकडं. जवळून कुणी गेलं की मान उचलायचे, मग परत खाली घालायचे. मी समोर उभा राहिलो तरी त्यांना कळलं नाही.

"मामा."

"आलास व्हय?" त्यांचा चेहरा उजळला. खरंच उजळला. "गाडीला काय झालं नाय ना?"

शेजारी शेंगदाणे विकणारा बसला होता. तो माझ्याकडं वर बघून म्हणाला, "दोपहर से बैठे हैं चाचा. मैं बोला रिक्षा में बिठा देतूं, नक्को बोले. भांजा आरा, यहीं रुको बोलके गया, बोले. पानी भी नक्को बोले."

मी म्हणालो, "गाडीला काही नाही झालं मामा. ट्रेलर फार हळू चालला. आत्ताच पोचलो बघा, तसाच इकडं आलो."

"म्हंजे बरं झालं," मामा म्हणाले.

ते उठले तेव्हा मला दिसलं. धोतर मागून ओलं होतं, बाकही. त्यांनी पिशवी चटकन मागं धरली. "पाणी सांडलं जरा," ते म्हणाले. त्यांच्याजवळ तांब्या नव्हता, बाटली नव्हती. पाणी का नको म्हणाले, तेही मला तेव्हाच कळलं. मुतारी कुठं आहे ते विचारायला त्यांना उठावं लागलं असतं, आणि ते उठले असते आणि मी आलो असतो तर? मी जागचे हलू नका म्हणालो होतो.

"असू द्या मामा, घरी बदलू," मी म्हणालो. शेंगदाणेवाल्यानं मान फिरवली. मी खाली बघत त्यांचा हात धरला.

रिक्षात ते सीटच्या अगदी कडेला बसले, रिक्षावाल्याची गादी खराब होऊ नये म्हणून. त्यांच्या पिशवीत मामींनी बांधून दिलेल्या भाकरी तशाच होत्या. "तू आल्यावर संगं खाऊ म्हटलं," ते म्हणाले.

घरी अंगणात गाडी उभी होती. हार घातलेली, कुंकू लावलेली, पायाशी नारळाची भकलं. दोन शेजारी अजून पेढे खात बोलत होते. त्यातला एक मला म्हणाला, "अहो, तीन वाजल्यापासून मजा आणली तुम्ही, आणि मधेच कुठं गेलात?" मामा माझ्या शेजारीच उभे होते. त्यांना दिसत कमी होतं, ऐकू मात्र चांगलं यायचं.

त्यांनी हात पुढं केला. बॉनेटवरून हात फिरवत फिरवत हारापर्यंत नेला, फुलं चाचपली.

"हार बी घातला," ते म्हणाले. आणि आत गेले.

बायकोनं गरम पाणी काढून दिलं, माझं धुतलेलं धोतर दिलं, त्यांचं भिजत टाकलं. मग ताटं वाढली. मामांनी पिशवीतल्या भाकरीच खाल्ल्या, माझ्याही पानात एक ठेवली. नळाखाली धोतर धुताना बायको मला हळूच म्हणाली, "तुम्ही त्यांना खरं सांगा. आजच सांगा."

मी सांगितलं नाही. त्या दिवशी नाही, डोळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा नाही, त्यानंतर ते पंधरा दिवस घरी होते तेव्हाही नाही. त्यांच्यासाठी मी काय काय केलं! रोज रजा टाकून दवाखान्यात नेलं, डोळ्यात औषध घातलं, चप्पल नवी घेतली, मोसंबी सोलून दिली. ते प्रत्येक गोष्टीला "कशाला रं एवढं" म्हणायचे. पट्टी निघाल्यावर ते अंगणात जाऊन गाडी नीट पाहून आले. रंग उडालेल्या जागा मला एकेक दाखवल्या. जाताना मी टॅक्सी करतो म्हटलं तर ऐकलं नाही. मी त्यांना बसमध्ये खिडकीशी बसवलं आणि बस फाटकातून बाहेर जाईपर्यंत उभा राहिलो. नंतरही कितीतरी वेळ तिथंच उभा होतो, त्याचा कुणाला काय उपयोग.

गाडी दोन वर्षांत चालू झाली. ती घेऊन मी सोयगावला गेलो होतो, मामांनी गावातून एक चक्कर मारली. तेव्हाही मी बोललो नाही. आनंदाचा दिवस आहे, आज कशाला, असं स्वतःला समजावलं.

मग मामा गेले. झोपेतच गेले. दहाव्याला मी तिथं होतो. पाहुणे पांगल्यावर मामी ओसरीवर तांदूळ निवडत बसल्या होत्या, मी शेजारी टेकलो. इकडचं तिकडचं बोलता बोलता त्या म्हणाल्या, "तुमची लई काळजी असायची त्यांना. गाडी नेली त्या दिवशी घाटात तुमचं चाक फुटलं ना? आल्यावर मला सांगत होते, पोरगं दिवसभर उन्हात चाक बदलत बसलं, जेवलं बी नाय, तसंच पळत मला घ्यायला आलं."

घाटात चाक फुटलं नव्हतं. कुठंच फुटलं नव्हतं. मी त्यांना असं काही सांगितलंही नव्हतं. माझं खोटं इतकं दुबळं होतं की त्यांना घरी गेल्यावर दुसरं, चांगलं खोटं रचावं लागलं.

मी मामींना सगळं सांगितलं. सीटांचं, सिल्लोडच्या फोनचं, पेढ्यांचं. धोतराचंही सांगितलं. मामी ऐकत होत्या, बोटं तांदळातून फिरत होती. मी थांबल्यावर त्याही थांबल्या.

"त्यांनी कधी नाय सांगितलं हे," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडं न बघता, "आता ते सांगून गेले तेच राहू द्या, बाबा. घरात पोरांना बी तेच ठावं हाय."

मी हो म्हणालो. त्यांनी सूप पुढं ओढलं आणि खडे बाजूला टाकू लागल्या.