शेवटच्यावरची खूण

डे मॉइनच्या एका विमा कंपनीतून निवृत्त होऊन व्हर्ला ब्रॉकमनला अकरा वर्षं झाली होती, तरी तिचा प्रोग्राम बिघडला की बोलावणं तिलाच. यंदा एका पॉलिसीच्या पत्रावर भलत्याच घरचे वारस छापून आले होते.

प्रोग्राम तसा दोघांचा. तिचा सहकारी हारलन स्टोल्ट्झ याचा पीएल-वन या जुन्या संगणकभाषेतला भाग वारसांची यादी पाठवायचा, व्हर्लाचा असेम्ब्लर भाषेतला ती वाचायचा. वारस कधी दोन, कधी नऊ. आकडा आधी सांग, असा व्हर्लाचा हट्ट. "सुरुवातीला कुणाला ठाऊक असतं, किती येणार ते?" हारलन म्हणायचा. "शेवटच्यानेच सांगावं, मी शेवटचा." अखेर त्याचंच चाललं. शेवटच्या नोंदीच्या संगणकातल्या पत्त्यावर खूण, ती दिसली की थांबायचं.

तेवीस वर्षं दोघं असेच भांडले, आणि तिच्या डब्यातली रुबार्ब-पायची, म्हणजे त्या आंबटगोड पेस्ट्रीची, निम्मी फोड रोज त्याने खाल्ली. व्हर्लाचा त्याच्यावर जीव होता. बोलली मात्र कधी नाही. तो मुलीकडे टूसॉनला निघाला तेव्हाही नुसतं "जपून जा" म्हणाली. मग दर नाताळाला त्याचं कार्ड यायचं. तीन वर्षांपूर्वी तेही थांबलं. फोन करायला तिचं मन धजेना. विचारलं नाही तर निदान वाट तरी बघता येते.

बिघाड तासाभरात सापडला. हारलनच्या भागात एक शब्द होता, त्यानेच खूण पडायची. कंपनीत नवीनच लागलेल्या केलिनने प्रोग्रामच्या साफसफाईत तो उडवला होता. खूण नाही, म्हणून वाचणारा पुढे सुटला आणि आधीच्या पॉलिसीचे उरलेले वारस घेऊन आला.

"मला वाटलं, उगाच पडून राहिलाय," केलिन ओशाळून म्हणाली.

"खूण पोचलीच नाही, तर वाचणाऱ्याने काय करावं, बाई? तो आपला वाचतच राहतो." एवढं बोलून व्हर्लाने कोट उचलला.

घरी आल्यावर कोटही न काढता तिने टूसॉनला फोन लावला. हारलनची मुलगी जोलीन बोलली. तो तीन वर्षांपूर्वी, नाताळाच्या आधीच गेला होता. आजारपणातच तुमच्यासाठी कार्ड लिहून ठेवलं होतं त्यांनी, जोलीन रडवेली होऊन सांगू लागली, धांदलीत माझ्याकडून टपालात टाकायचं राहिलं, मग उशिरा पाठवायची लाज वाटली.

"वाच," व्हर्ला म्हणाली.

"'व्हर्ला, माझ्याबरोबर चल म्हणायला हवं होतं मी. हे शेवटचं कार्ड. आता वाट बघू नकोस.'"

व्हर्लाने फोन ठेवला नाही.

"परत वाच," ती म्हणाली.